ट्रक कॅम्परमधून राष्ट्रीय उद्याने: आधी वजन आणि मापे, मग मार्ग

अमेरिकेतील राष्ट्रीय उद्याने हॉटेलात राहूनही पाहता येतात. परंतु पहाटे कड्यावर पोहोचायचे असेल आणि रात्री तारे पाहायचे असतील, तर मुक्काम उद्यानाच्या हद्दीत किंवा तिच्या अगदी लगत असलेला बरा. तंबू स्वस्त पडतो, पण वाळवंटातील वारा आणि डोंगरावरील थंडी सोसण्याची तयारी लागते. मोटारहोममध्ये सगळ्या सोयी असतात, पण ती घेऊन अरुंद रस्त्यांवर आणि भरलेल्या वाहनतळांवर वावरणे कष्टाचे होते. या दोहोंच्या मधला पर्याय म्हणजे ट्रक कॅम्पर, अर्थात पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवलेली, झोपायची जागा, शेगडी, फ्रिज आणि पाण्याची टाकी असलेली छोटी खोली. वाहन एकच असल्यामुळे ट्रेलरसारखे मागे काही ओढावे लागत नाही, साधा वाहन परवाना पुरतो आणि ट्रक फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर कच्च्या रस्त्यांवरही मर्यादेत जाता येते.

या वाहनाचे कौतुक करताना लोक ‘कुठेही जा, कुठेही राहा’ असे म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. ट्रक किती वजन पेलतो, कॅम्पर बसवल्यावर वाहनाची उंची, रुंदी आणि लांबी किती होते आणि टाकीत पाणी किती दिवसांचे आहे, यांवर कुठे जाता येईल आणि कुठे राहता येईल हे ठरते. म्हणून पुढील लिखाणात निसर्गवर्णनापेक्षा आकड्यांना अधिक जागा दिली आहे, आणि उदाहरण म्हणून युटा राज्यातील पाच उद्यानांचा मार्ग घेतला आहे, कारण ट्रक कॅम्परचे गुण आणि मर्यादा या एकाच प्रवासात स्पष्ट दिसतात.

ट्रक किती पेलतो

चालकाच्या बाजूचे दार उघडले की दाराच्या चौकटीवर एक स्टिकर दिसतो. त्यावर टायरची हवा आणि माणसे व सामान मिळून किती पौंडांपेक्षा जास्त भार घालू नये, हे लिहिलेले असते. हा आकडा त्या विशिष्ट ट्रकसाठी असतो. जाहिरातीत दिलेला मोठा आकडा बहुतेक वेळा सर्वांत हलक्या, कमीत कमी सोयींच्या मॉडेलचा असतो. एफ-१५० किंवा रॅम १५०० यांसारख्या ‘हाफ-टन’ ट्रकची क्षमता सर्वसाधारणपणे दीड ते दोन हजार पौंडांच्या घरात असते, त्यामुळे त्यांच्यावर हलका पॉप-अप, म्हणजे छत खाली-वर होणारा, कॅम्परच शोभतो. पक्क्या भिंतींचा, स्नानगृह असलेला कॅम्पर हवा असेल तर एफ-३५० किंवा ३५०० या वर्गाचा ‘वन-टन’ ट्रक लागतो, आणि फार मोठ्या कॅम्परसाठी मागे चार चाके असलेला.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, ट्रकची क्षमता ३,५०० पौंड आहे आणि कॅम्परच्या माहितीपत्रकात कोरडे वजन, म्हणजे पाणी, गॅस आणि सामान न धरता, २,४०० पौंड दिले आहे. वरकरणी ११०० पौंड शिल्लक दिसतात. आता ३० गॅलन पाणी भरले की २५० पौंड वाढतात, कारण एक गॅलन पाण्याचे वजन सुमारे ८.३४ पौंड असते. गॅसच्या दोन भरलेल्या टाक्यांचे साधारण ७५ पौंड. भांडी, किराणा, अंथरूण-पांघरूण, खुर्च्या, कपडे आणि हत्यारे यांचे ४०० पौंड सहज होतात. चार माणसांचे ६०० पौंड धरले, तर बेरीज ३,७२५ पौंडांवर जाते, म्हणजे क्षमतेपेक्षा २२५ पौंड जास्त. शिवाय कोरड्या वजनात एसी, सावलीचे छत, जादा बॅटरी आणि कॅम्पर ट्रकला बांधून ठेवणारे आकडे पुष्कळदा धरलेले नसतात. जास्त जाड स्प्रिंगा किंवा स्प्रिंगांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या (एअर बॅग) बसवल्याने ट्रकची मागची बाजू दबलेली दिसत नाही, मात्र स्टिकरवरील क्षमता त्याने वाढत नाही. ब्रेक, ॲक्सल आणि टायर पूर्वीचेच राहतात.

खरेदीपूर्वी कागदावर हिशेब करावा आणि प्रवासाला निघण्यापूर्वी सर्व सामान, पाणी आणि माणसांसह महामार्गावरील ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर वाहन तोलून घ्यावे. तिथे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचे वजन वेगवेगळे मिळते आणि खर्च किरकोळ असतो. मागच्या ॲक्सलवरील भार दाराच्या चौकटीवरील मर्यादेशी आणि टायरच्या कडेवर छापलेल्या भारक्षमतेशी ताडून पाहावा. कॅम्परवर गुरुत्वमध्याची खूण असते. कॅम्पर बसवल्यावर ही खूण मागच्या ॲक्सलच्या किंचित पुढे यायला हवी. ती मागे गेली तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंगवरचा ताबा कमी होतो.

एवढे वाचून मोठा ट्रक विकत घ्यावा असा कोणाचा समज होऊ नये. माझ्या मते पहिल्या प्रवासासाठी भाड्याचा कॅम्पर घ्यावा, त्यात सलग काही रात्री काढाव्यात आणि कॅम्परच्या, ट्रकच्या केबिनवर येणाऱ्या भागातील पलंगावर चढ-उतार आपल्या घरच्यांना जमते का, हे पाहावे. गुडघेदुखी असलेल्या आई-वडिलांसाठी ती उंच पायरी हा मोठाच अडथळा ठरतो. अशा वेळी जेवणाचे टेबल खाली करून तयार होणारा पलंग त्यांना द्यावा आणि त्याची लांबी आधी मोजून घ्यावी. प्रवास चालू असताना मात्र कोणीही कॅम्परमध्ये बसू नये. सर्वांनी ट्रकच्या केबिनमध्ये, पट्टा लावूनच बसावे, म्हणजेच केबिनमध्ये जितके पट्टे तितकीच माणसे, हा हिशेब पक्का धरावा.

पॉप-अप की पक्क्या भिंतींचा

पॉप-अप कॅम्परचे छत प्रवासात खाली दबते आणि मुक्कामी वर उचलता येते; वरच्या भागात कापडी भिंती असतात. तो हलका आणि बुटका असल्यामुळे वाऱ्यात कमी डोलतो आणि झाडांच्या फांद्यांखालून सहज जातो. युटासारख्या कोरड्या प्रदेशासाठी मी पॉप-अपच निवडेन. पक्क्या भिंतींचा कॅम्पर थंडीत उबदार राहतो, आवाज अडवतो आणि अस्वलांच्या प्रदेशात उपयोगी पडतो. यलोस्टोनमधील फिशिंग ब्रिज येथील आरव्ही पार्कमध्ये (मोटारहोम, कॅम्पर अशा राहत्या वाहनांच्या तळावर) अस्वलांच्या वावरामुळे केवळ पक्क्या भिंतींच्या वाहनांनाच राहू देतात. कापडी भिंतींचा पॉप-अप तिथे चालत नाही. म्हणून उद्याने आधी ठरवावीत आणि कॅम्पर नंतर.

मापे घ्या आणि लिहून ठेवा

कॅम्पर ट्रकवर बसवून, टायरमध्ये योग्य हवा भरून, जमिनीपासून छतावरील सर्वांत उंच वस्तूपर्यंत माप घ्यावे. ही वस्तू बहुधा एसीचे आवरण किंवा पंख्याचे झाकण असते. रुंदी आरसे, गुंडाळलेले सावलीचे छत आणि कॅम्पर ट्रकवरून उतरवण्याचे जॅक धरून मोजावी, लांबी पुढच्या बंपरपासून मागच्या शिडीपर्यंत. ही तिन्ही मापे फूट-इंचांत एका कागदाच्या पट्टीवर ठळक लिहून चालकाच्या डोळ्यांसमोर, डॅशबोर्डवर चिकटवावीत. पेट्रोलपंपाचे छत समोर आल्यावर आकडा आठवत बसण्याइतका वेळ नसतो.

या मापांचा संबंध थेट उद्यानांच्या नियमांशी येतो. युटातील झायन उद्यानामधील माउंट कार्मेल बोगदा १९३० साली पूर्ण झाला. तो १.१ मैल लांब आहे आणि त्या काळातील मोटारींच्या आकाराला अनुसरून खोदलेला आहे. ११ फूट ४ इंच उंची किंवा ७ फूट १० इंच रुंदी गाठणाऱ्या वाहनांसाठी अनेक वर्षे समोरची वाहतूक थांबवून, शुल्क घेऊन, मधून जाण्याची सोय केली जात असे. उद्यान प्रशासनाने जाहीर केल्याप्रमाणे २०२६ च्या उन्हाळ्यापासून मोठ्या वाहनांना हा मार्ग बंद होऊन त्यांनी दुसऱ्या रस्त्याने जायचे आहे. उंच वन-टन ट्रकवरचा पक्क्या भिंतींचा कॅम्पर ही उंची सहज गाठतो आणि मागे चार चाके असलेला ट्रक रुंदीतच अडकतो. तसे असेल तर झायनहून पुढच्या ब्राइस उद्यानाला जाताना हरिकेन गावावरून दक्षिणेकडे वळून, ॲरिझोनातील फ्रेडोनियामार्गे कनॅबला आणि तिथून ८९ क्रमांकाच्या महामार्गाने उत्तरेस यावे लागते. हा वळसा मोठा असल्यामुळे त्या दिवसाच्या वेळापत्रकात त्याला आधीच जागा ठेवावी.

मोंटाना राज्यातील ग्लेशियर उद्यानाचा ‘गोइंग-टू-द-सन’ रस्ता याहून कडक आहे. ॲव्हलांच कॅम्पग्राऊंडपासून राइझिंग सनच्या बाजूपर्यंतच्या डोंगरी भागात बंपर धरून २१ फुटांपेक्षा लांब आणि आरसे धरून ८ फुटांपेक्षा रुंद वाहनांना मनाई आहे, आणि १० फुटांपेक्षा उंच वाहनांना लोगन पासवरून पश्चिमेकडे उतरताना बाहेर आलेल्या कातळांचा त्रास होतो. चार दारांची केबिन आणि आठ फुटी हौदा असलेला एफ-३५० कॅम्परविनाच २२ फुटांहून लांब भरतो. अशा वाहनाने आलेल्यांनी कॅम्पर मुक्कामी ठेवून उद्यानाच्या शटलने किंवा सहलीच्या बसने हा रस्ता पाहावा. कॅम्पर जॅकवर उतरवून नुसता ट्रक घेऊन जाण्याचा विचार मनात येईल, पण तो रिकामा ट्रकदेखील नियमात बसत नसेल तर उपयोग नाही. शिवाय काही कॅम्पग्राऊंडवर कॅम्पर उतरवू देत नाहीत, त्यामुळे आधी विचारून घ्यावे.

युटाचा मार्ग, लास व्हेगासहून

हा प्रवास एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करावा. जुलैत झायनच्या तळाशी तापमान ३८ अंश सेल्सियसच्या वर जाते, तर ब्राइसच्या कड्यावर मे महिन्यातही रात्री पाणी गोठते. एकाच आठवड्यात दोन्ही टोके अनुभवावी लागत असल्यामुळे पंखा आणि हीटर दोन्ही चालू स्थितीत असायला हवेत.

झायनमध्ये वॉचमन कॅम्पग्राऊंडचे आरक्षण मिळवण्याचा प्रयत्न जरूर करावा. तिथून व्हिजिटर सेंटर चालत गाठता येते, आणि वर्षातील बहुतेक काळ दरीतील मुख्य रस्ता खासगी वाहनांना बंद असून शटलनेच जावे लागते. कॅम्पर जागेवर उभा करून दिवसभर शटलने फिरणे हाच तिथला सर्वांत सुखाचा मार्ग आहे. आरक्षणे ‘रिक्रिएशन डॉट गव्ह’ या सरकारी संकेतस्थळावर होतात. प्रत्येक कॅम्पग्राऊंडचे आरक्षण किती आधी खुले होते ते तिथेच पाहावे, आणि लोकप्रिय जागांसाठी ते खुले होते त्याच मिनिटाला संगणकासमोर बसावे.

ब्राइसचा कडा समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार मीटर उंचीवर आहे. तिथे पाणी साधारण ९२ अंश सेल्सियसलाच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही आणि गॅस फुकट जळतो. छोटा तीन लिटरचा कुकर बरोबर असला तर ही अडचण राहत नाही. मात्र कॅम्परसारख्या लहान खोलीत कुकरच्या दोन-तीन शिट्यांची वाफ काचांवर आणि कापडी भिंतींवर पाणी होऊन ओघळते आणि रात्री गाद्या दमट होतात. म्हणून छतावरचा पंखा वाफ बाहेर फेकेल अशा दिशेने चालू करून समोरची एक खिडकी बोटभर उघडी ठेवावी. शेगडी चालू असताना ही हवा खेळती राहणे कार्बन मोनॉक्साइडच्या दृष्टीनेही आवश्यक आहे. फोडणी शक्यतो बाहेरच्या शेगडीवर करावी, कारण मिरचीचा ठसका बंद खोलीत कोणालाच झेपत नाही आणि धुराची घंटाही वाजते.

ब्राइसहून कॅपिटल रीफकडे जाणारा १२ क्रमांकाचा महामार्ग हा या प्रवासातील सर्वांत सुंदर टप्पा आहे, असे माझे ठाम मत आहे. एस्कलँटीच्या पुढे रस्ता दोन्ही बाजूंना उतार असलेल्या अरुंद धारेवरून जातो आणि नंतर बोल्डर पर्वतावर सुमारे २,९०० मीटर उंची गाठतो. या घाटात ट्रकचा ‘टो-हॉल’, म्हणजे जड भार वाहतानाचा, मोड चालू ठेवावा, उतारावर आधीच खालचा गिअर घ्यावा आणि वेग इंजिनाने धरून ठेवू द्यावा. ब्रेकवर पाय टेकवून उतरल्यास ब्रेक तापतात आणि ऐनवेळी निकामी होऊ शकतात. वाऱ्याच्या दिवशी उंच कॅम्पर बाजूच्या झोताने ढकलला जातो. अशा वेळी वेग कमी करणे हाच उपाय आहे, मागच्यांना घाई असेल तर त्यांना पुढे जाऊ द्यावे.

कॅपिटल रीफमधील फ्रुटा येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या मॉर्मन वसाहतकरांनी लावलेल्या फळबागा आजही जोपासल्या जातात आणि कॅम्पग्राऊंड त्या बागांच्या शेजारीच आहे. फळे पिकलेली असतील आणि बाग तोडणीसाठी खुली असेल, तर बागेत खाल्लेल्या फळांचे पैसे पडत नाहीत. बाहेर न्यायची फळे काट्यावर तोलून त्यांचे पैसे पेटीत टाकायचे असतात. जर्दाळू, पीच आणि सफरचंदे यांचा मोसम वेगवेगळा असल्याने जाण्यापूर्वी चौकशी करावी.

याच उद्यानाच्या उत्तरेकडील कथीड्रल व्हॅलीत जाण्याचा मोह ट्रक कॅम्परवाल्यांना हमखास होतो. कोरड्या हवामानात हलका, उंच ट्रक तिथे जाऊ शकतो, पण तिथली बेंटोनाइट माती ओली झाली की रस्ता बंदच समजावा. विदर्भ-मराठवाड्यातील काळी माती पावसात चाकांना कशी चिकटते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याची कल्पना लगेच येईल. दोन्ही मातींत पाणी शोषून फुगणारी एकाच कुळातील खनिजे आहेत. दहा हजार पौंडांचे वाहन अशा चिखलात रुतले तर ते ओढून काढण्याचा खर्च फार मोठा येतो, आणि मदत बोलावायला फोनला रेंज नसते. जुलै ते सप्टेंबर या काळात दुपारच्या वादळी पावसाने कोरडे ओढे काही मिनिटांत दुथडी वाहू लागतात, म्हणून कच्च्या रस्त्यावर वळण्यापूर्वी रेंजरला रस्त्याची स्थिती विचारणे ही औपचारिकता समजू नये.

पुढे हँक्सव्हिलमार्गे आय-७० हा महामार्ग गाठून मोॲब गावाला जावे. इंधन हँक्सव्हिल किंवा ग्रीन रिव्हरला भरून घ्यावे. परतीला आय-७० ने पश्चिमेकडे जाणार असाल तर ग्रीन रिव्हर ते सलिना हे सुमारे ११० मैल वाटेत एकही पेट्रोलपंप नाही आणि कॅम्परचे वजन व वाऱ्याचा अडसर यांमुळे इंधन नेहमीपेक्षा जास्त लागते.

मोॲबजवळ आर्चेस आणि कॅन्यनलँड्स ही दोन उद्याने आहेत. आर्चेसमधील डेव्हिल्स गार्डन हे एकमेव कॅम्पग्राऊंड मोसमात आरक्षणानेच मिळते. कॅन्यनलँड्सच्या ‘आयलंड इन द स्काय’ भागातील विलो फ्लॅट येथे केवळ १२ जागा आहेत, आरक्षण नाही, पाणीही नाही, आणि २८ फुटांपर्यंतचीच वाहने चालतात. मोठ्या मोटारहोमला बंद असलेली ही जागा ट्रक कॅम्परला मात्र नेमकी बसते. सकाळी लवकर पोहोचून जागा धरावी, पाण्याची टाकी मोॲबमध्येच काठोकाठ भरून आणावी.

दोन्हीकडे जागा मिळाली नाही तर भू-व्यवस्थापन विभागाच्या, म्हणजे बीएलएमच्या, मोकळ्या जमिनीवर राहता येते. सर्वसाधारण नियम २८ दिवसांच्या काळात जास्तीत जास्त १४ दिवसांचा आहे. मोॲबभोवतीच्या बऱ्याच भागात मात्र ठरवून दिलेल्या जागीच राहण्याचे बंधन आहे आणि आपले शौचालय बरोबर असावे लागते. उद्यानाच्या आत वाहनतळावर किंवा निसर्गदृश्यांच्या थांब्यांवर गाडीत झोपायला परवानगी नसते. ट्रक कॅम्पर साध्या पिकअपसारखा दिसला तरी रात्री रेंजर दार वाजवतातच.

पाणी, सांडपाणी आणि वीज

पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला एक गॅलन पाणी धरावे, भांडी आणि अंघोळ वेगळी. सांडपाण्याची टाकी बहुधा स्वच्छ पाण्याच्या टाकीपेक्षा लहान असते आणि आधी तीच भरते, म्हणून ताटे धुण्यापूर्वी तेल आणि आमटीचे अंश कागदाने पुसून घ्यावेत. सांडपाणी जमिनीवर सोडणे उद्यानांत बेकायदा आहे. ते आणि शौचालयाची टाकी नेमून दिलेल्या डंप स्टेशनवरच रिकामी करावी आणि पुढील डंप स्टेशन कुठे आहे हे आदल्या दिवशीच पाहून ठेवावे.

विजेसाठी १०० ॲम्पिअर-तासांची लिथियम बॅटरी सुमारे १,२८० वॅट-तास देते. बारा व्होल्टचा फ्रिज, दिवे आणि पंखा यांना ती साधारण दोन दिवस पुरते. छतावर २०० वॅटचे सौरपट असतील तर युटाच्या उन्हात ती रोज बरीचशी पुन्हा भरते. इन्व्हर्टरवर विजेचा कुकर वापरल्यास मात्र एका जेवणात पाव बॅटरी संपते, म्हणून स्वयंपाक गॅसवरच ठेवावा. गॅसवर चालणारा फ्रिज पेट्रोल भरताना बंद ठेवावा, कारण त्यात ज्योत जळत असते.

प्रवेश शुल्काबाबत एक बदल ध्यानात ठेवावा. १ जानेवारी २०२६ पासून वार्षिक पास अमेरिकेतील रहिवाशांना ८० डॉलर आणि परदेशी पाहुण्यांना २५० डॉलर असा झाला आहे, आणि पास नसलेल्या परदेशी पाहुण्यांना झायन, ब्राइस, यलोस्टोन, ग्लेशियर, ग्रँड कॅन्यन यांसह ११ उद्यानांत नेहमीच्या शुल्कावर माणशी १०० डॉलर जास्त द्यावे लागतात. भारतातून आई-वडील आलेले असतील तर हा खर्च आधीच अंदाजपत्रकात धरावा आणि रहिवासी असल्याचे सरकारी ओळखपत्र बरोबर ठेवावे.

निघण्यापूर्वीची फेरी रोज सकाळी एकाच माणसाने करावी. तो माणूस छताचे झाकण बंद आहे, पायरी आत घेतली आहे, गॅस बंद आहे, फ्रिजचे दार अडकवले आहे आणि चारही बाजूंचे बांधणीचे आकडे घट्ट आहेत हे हात लावून पाहतो. पहिल्या पन्नास मैलांनंतर आणि प्रत्येक कच्च्या रस्त्यानंतर हे बांधणीचे आकडे पुन्हा तपासावेत, कारण हादऱ्यांनी कॅम्पर हौद्यात थोडा सरकतो आणि ताण सैल पडतो. ऑक्टोबरात ब्राइसला मुक्काम असेल तर संध्याकाळीच बाहेरची पाण्याची नळी काढून रिकामी करावी, आणि घरी परतल्यावर कडाक्याची थंडी पडण्यापूर्वी टाकी, पंप, गिझर आणि नळ यांतले सगळे पाणी काढून टाकावे. नळ्यांच्या कोपऱ्यांत राहिलेले थोडे पाणीही गोठून सांधे फोडते.